बिनउशीचा पाळणा

घोरावाडी, तळेगाव दाभाडे
११ जून २०२४

व्याहीबुवा,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नका. घरी सगळे सुखरूप आहेत आणि माधवीची तब्येतही छान आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मेसेज करायचा तर तो सार्थकच्या फोनवरून जाणार. म्हणजे माझ्या मुलाने वाचला, म्हणजेच तुमच्या मुलीने वाचला. ही गोष्ट त्या दोघांना कळायला नको, म्हणून पोस्टाचं पाकीट आणवलं. आठवी सुटल्यापासून एवढं कधी लिहिलं नव्हतं, तेव्हा अक्षराला हसू नका.

डोहाळजेवणाच्या दिवशी ओटी भरताना माधवी सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी, खंडाळ्याला आबांकडे." भरल्या ओटीवर सुनेला ‘नाही’ म्हणणारी सासू मी नाही. पण आता म्हणते. नाही.

राग धरू नका. माहेर म्हणजे आई असते हो. शालनबाई असत्या तर मी स्वतः तिला गाडीत बसवून दिली असती. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. घरात तुम्ही एकटे, आणि तुमचे कान गेलेले. स्पष्ट लिहिते, कारण गोड लिहून भागणार नाही. बाळंतीण दमलेली असते, डोळा लागला की उशाशी ताशा वाजवला तरी उठत नाही. बाळ रडलं तर ऐकणार कोण?

आमच्याकडे माणसांना तोटा नाही. मी आहे, हे आहेत, माझी लेक मानसी तीन महिन्यांच्या स्वराजला घेऊन इथेच आहे. एकाचं लक्ष नसलं तर दुसऱ्याचे कान आहेत. माधवी म्हणते आबांनीच हट्ट धरलाय. तेवढा सोडा. बारशाला या, मानाचा फेटा तुमचाच.

आठ दिवसांत ‘बरं’ एवढं एका ओळीचं उत्तर पाठवा.

लीलाबाई


खंडाळा
१७ जून २०२४

विहीणबाईंना अंबाजीचा नमस्कार.

पाकीट मिळालं. अक्षर स्वच्छ आहे आणि मजकूर त्याहून स्वच्छ. माझं उत्तर ‘बरं’ असं नाही, म्हणून एका ओळीत बसणार नाही.

हट्ट माझाच आहे, पण मुळात तो शालनचा. शेवटच्या आजारपणात तिला माझ्याशी जे बोलायचं असे ते ती वहीत लिहायची. एका पानावर तिने लिहिलं, ‘माधीचं पहिलं इथंच करायचं.’ आणि खाली माझी सही घेतली. मी एकतीस वर्षं घाटात की-मन होतो. रोज आपल्या वाट्याची लाइन पायी चालायची, रूळ धरून ठेवणारी प्रत्येक चावी बघायची, ढिली असेल तर तिथेच ठोकून बसवायची. जाताना एक रूळ, येताना दुसरा. आमच्या खात्यात तोंडी सांगणं वाऱ्यावर जातं, पण लेखी हुकूम आला की तो मोडायचा नसतो.

तुमचा प्रश्न मात्र खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. मला ऐकू येत नाही. सात वर्षं झाली. शेवटची पाच वर्षं शालन बोलायची आणि मी तिचे ओठ बघायचो. ती माधवीला मोरीपासून फाटकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारायची. ती हाक पुष्कळ दिवस माझ्या डोक्यात जशीच्या तशी होती. हल्ली आठवायला गेलो की नीट उमटत नाही, याचं मला वाईट वाटतं.

असो. माधवीबरोबर दवाखान्यात गेलो होतो तेव्हा तिथल्या सिस्टरना विचारलं, बाळाला नीट निजवायचं कसं. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी केसपेपरच्या पाठीमागे सगळं लिहून दिलं. बाकीच्या लोकांना सांगितलं असेल आणि ते विसरले असतील. माझ्याकडे कागद आहे. त्याप्रमाणे मागच्या खोलीला चुना दिला, पूर्वेची खिडकी नवी केली आणि माझ्या सागवानी पलंगाचं लाकूड उतरवून बाळाचा पाळणा करायला घेतला. मी जमिनीवर झोपतो, पाठीला बरं असतं. शेजारच्या झुंबरबाई सकाळपासून दिवेलागणीपर्यंत स्वयंपाकाला आणि बाळाच्या अंघोळीला येणार आहेत.

तुम्ही येऊन खोली बघितल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नका, एवढंच मागणं.

आपला
अंबाजी


घोरावाडी
२६ जून २०२४

व्याहीबुवा,

शालनबाईंची सही पुढे केलीत, आता मी काय बोलणार? मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे तुम्हाला बरं ठाऊक आहे.

तरी मी पुरती विरघळलेली नाही. सार्थकबरोबर एक गाठोडं पाठवते आहे. त्यात झोळीसाठी माझ्या आईचं जुनं लुगडं आहे. ह्याच लुगड्यात माझी चारही पोरं निजली. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी आहे, ती मी स्वतः शिवली. आठ टोपडी आहेत आणि एक गोधडी. गोधडीचे टाके बघा, दोन महिने चालली होती. तुमच्याकडे खंडाळ्याला धुकं घरात शिरतं, लंगोट आठवडाभर वाळत नाहीत, तेव्हा खोलीची दारं-खिडक्या घट्ट लावून आत शेगडी ठेवायची. संध्याकाळी ओवा-शेपेची धुरी द्यायची. हे झुंबरबाईंना वाचून दाखवा.

आणि पाळणा करताय म्हणे, तो हलतो ना? सार्थक म्हणाला त्याला चार पाय आहेत. हलत नाही तो पाळणा कसला, ते तर टेबल झालं!

एवढं सगळं केलंत तर मी विचार करीन. पण माझी उशी ज्या घरात वापरली जाणार नाही, त्या घरात माझं नातवंडही निजणार नाही. हे लेखी देते आहे.

लीलाबाई


खंडाळा
४ जुलै २०२४

विहीणबाई,

गाठोडं पोचलं. गोधडी उघडली तेव्हा झुंबरबाई टाके मोजत बसल्या आणि त्यांची भाकरी करपली. एवढं सुरेख काम मी पाहिलं नाही. म्हणून पुढचं लिहिताना हात जड होतो आहे.

यातलं काहीही पाळण्यात जाणार नाही.

सिस्टरच्या कागदावर पहिलीच ओळ आहे, ‘बाळाला पाठीवर निजवा, दर वेळी.’ पुढे, गादी सपाट आणि कडक हवी. पाळण्यात बाळाशिवाय काही नको. उशी नको, गोधडी नको, बाहुली नको, मऊ कडा नकोत. झोपताना डोकं-तोंड झाकायचं नाही. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि तोंड कापडात जातं, म्हणून ती नको. बाळाची जागा वेगळी, पण आईच्या खोलीत, हाताच्या अंतरावर. आणि बंद खोलीत शेगडी व धूर अजिबात नको, याखाली सिस्टरनी दोन रेघा मारल्यात. दोन रेघा म्हणजे आमच्याकडे लाल झेंडा.

गजांचं सांगतो. मी आधी जुन्या पाळण्याच्या मापाने चार-चार बोटांवर गज बसवले होते. छान दिसत होते. मग कागद पुन्हा वाचला तर ‘सहा सेंटिमीटरपेक्षा कमी’. जास्त अंतरातून बाळाचं अंग सरकतं आणि डोकं अडकतं. सगळे गज काढले. लाकडाचा मापाचा ठोकळा केला आणि चव्वेचाळीस गज नव्याने बसवले. ठोकळा आता एकाही फटीत जात नाही. गादी काथ्याची करून घेतली. पिंजारी म्हणाला, "आबा, ही बाळासाठी हाय का पैलवानासाठी?" गादी आणि लाकूड यांच्यात दोन बोटंही शिरत नाहीत.

लंगोट स्वयंपाकघरात पंख्याखाली वाळतील. तुमची गोधडी मी माधवीच्या खुर्चीवर घातली आहे, बाळाला पाजताना तिच्या पायांवर राहील. टोपडी बाहेर नेताना घालू. लुगडं मात्र तुमच्या आईची आठवण आहे, ते सार्थकबरोबर परत पाठवलं आहे. आणि उशी वापरात आहे. माझी मान धरते, मी ती रोज मानेखाली घेतो. डोकं आधीपासूनच गोल होतं, आता आणखी झालं असेल. म्हणजे उशी या घरात वापरली जाते आहे. तुमचा लेखी हुकूम मोडलेला नाही.

अंबाजी


घोरावाडी
९ जुलै २०२४

अंबाजीराव,

आज व्याहीबुवा लिहवत नाही.

मी दिलेल्या उशीवर तुम्ही घोरता आणि वर ते मला कळवता! माझ्या आईचं लुगडं तुम्हाला चालत नाही. चार पोरं वाढवली मी त्यात. चौघंही धडधाकट आहेत, एक तर तुमचा जावई आहे. आत्ता मी हे लिहिते आहे तेव्हा स्वराज त्याच लुगड्याच्या झोळीत दोन तास निजलाय, हूं की चूं नाही. तुमच्या सिस्टरला म्हणावं, येऊन बघ.

आणि खरं सांगायचं तर मी येऊन गेले. परवा, रविवारी. लोणावळ्याला लोकलने उतरून तिथून रिक्षा केली. पावसात तुमच्या दारात उभी राहिले आणि कडी वाजवली. दहा मिनिटं वाजवली. मग खिडकीशी गेले तर तुम्ही आत, माझ्याकडे पाठ करून, तांदळाच्या पिशवीला झबलं घालून पाळण्यात निजवत होता. मग घड्याळ बघितलंत. मग पिशवीकडे बघत बसलात. मला भरून आलं. माणूस एकटा राहून राहून असा होतो. मी तशीच परत फिरले.

दाराशी उभं असलेलं माणूस ज्याला कळत नाही, त्याच्या भरवशावर मी तान्हं बाळ ठेवणार नाही. माधवीला मी सांगेन, तुम्ही सांगू नका.

लीलाबाई


खंडाळा
१५ जुलै २०२४

विहीणबाई,

तुम्ही पावसात दारात उभ्या राहिलात आणि चहासुद्धा न घेता गेलात, हे वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफ करा. त्याच दिवशी दाराच्या बटणाला दिवा जोडून घेतला. आता बटण दाबलं की मागच्या खोलीत लाल दिवा लागतो. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

पिशवीचं ऐका. मला वेड लागलेलं नाही, निदान अजून नाही. ती तीन किलोची पिशवी आहे आणि मी सराव करतो आहे. उचलणं, मानेखाली हात देणं, पाठीवर ठेवणं. शालनने माधवीला वाढवलं तेव्हा मी लाइनवर असायचो. हे मला येत नाही, म्हणून शिकतो आहे.

सरावाचा दुसरा भाग झुंबरबाईंचा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आबा, तुमी येडं झालाय व्हय?" आता त्यांनाच मजा येते. माझी पाठ वळली की त्या पिशवी पालथी करतात, नाहीतर कडेला फडकं टाकतात. मी दर दहा मिनिटांनी येऊन बघायचं आणि काय बदललं ते सांगायचं. आमचे साहेब लाइनवर मुद्दाम खुणा ठेवून जायचे, की-मनने पाहिल्या का ते तपासायला. तशीच तपासणी. आतापर्यंत त्यांनी तेवीस वेळा फसवायला बघितलं. बावीस वेळा मी पकडलं. एकदा चुकलो. फडकं चादरीच्याच रंगाचं होतं. तेव्हापासून पाळण्यात एकच चादर, पिवळी, आणि त्या रंगाचं दुसरं कापड घरात ठेवत नाही.

हे लपवलं असतं तर तुम्हाला कळलं नसतं. पण चूक नोंदवायची असते.

शेवटचा शब्द तुमचा. माधवीला तुमच्या-माझ्यात ओढणार नाही, शालनच्या सहीसाठीसुद्धा नाही. फक्त एक करा. स्वराज पुन्हा असा दोन तास शांत निजला की उठून जवळ जा. कान लावू नका, बघा. एकतीस वर्षांत एकाही ढिल्या चावीने मला हाक मारली नाही.

अंबाजी


घोरावाडी
१ ऑगस्ट २०२४

व्याहीबुवा,

सिस्टरच्या कागदाची नक्कल पाठवा. शब्द गाळू नका. आणि पाळण्याची मापं, लांबी, रुंदी, उंची, गजांमधलं अंतर, सगळं. तो मापाचा ठोकळा दुसरा करून पाठवता आला तर पाठवा.

का ते विचारू नका.

लीलाबाई


खंडाळा
५ ऑगस्ट २०२४

विहीणबाई,

विचारत नाही, पण समजलो. तुमच्या घरी पाळणा होतो आहे. म्हणजे माधवी तिथेच राहणार.

मी रागावलेलो नाही. बाळ कागदाप्रमाणे निजणार असेल तर ते कुठल्या छपराखाली निजतं याला फार महत्त्व नाही, असं मी सकाळपासून स्वतःला सांगतो आहे. दुपारपर्यंत थोडंफार पटलं.

तुम्ही नवा कशाला करता? माझा तयार आहे. टेम्पोने पाठवतो. पाय स्क्रूचे आहेत, सुटे होतात. चव्वेचाळीस गज मोजून घ्या आणि उतरवल्यावर ठोकळा पुन्हा सगळ्या फटींना लावून बघा, वाटेत धक्क्याने लाकूड हलतं. गादी माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला बदलू देऊ नका असं लिहिणार होतो, पण ते आता माझ्या हातात नाही.

कागदाची नक्कल सोबत आहे. दोन रेघाही मारल्या आहेत. ठोकळा पुडक्यात आहे.

शालनच्या वहीतल्या पानाचं काय करायचं ते मात्र सुचत नाही.

अंबाजी


घोरावाडी
९ ऑगस्ट २०२४

व्याहीबुवा,

टेम्पो पाठवू नका! पाळणा जिथे आहे तिथेच राहू द्या. तुम्ही भलतंच समजलात, आणि चूक माझी. मी काय झालं ते लिहिलं नव्हतं. लिहायचं धाडस नव्हतं.

तुमचं ते तांदळाच्या पिशवीचं पत्र आलं त्यानंतर दहाएक दिवसांची गोष्ट. भाताची लावणी चालू होती. दुपारी लावणीची माणसं जेवायला आली, ओटीवर पंगत बसली. घरातली धरून अकरा माणसं. मानसी वाढत होती. स्वराज आतल्या खोलीत झोळीत. कुणीतरी म्हणालं, किती गुणी बाळ, दीड तास झाला, आवाज नाही. मी फुशारून गेले. आणि मग तुमची ती ओळ आठवली. मला तुमचा राग आला, खरं सांगते. म्हटलं, बघूनच येते म्हणजे व्याह्यांना लिहिता येईल की काही नव्हतं.

मी उठले तर हे म्हणाले, "आगं, निजलंय त्ये. कशाला उठवतीस?"

तो कुशीवर वळला होता. मान वाकडी झालेली, तोंड लुगड्याच्या घडीत दाबलेलं, आणि माझ्याच हातची दुसरी एक गोधडी वरून घसरून डोक्यावर आली होती. मी उचललं तर ओठ निळसर. अंग सैल. मी त्याला नावाने हाका मारल्या, पाठ चोळली. व्याहीबुवा, तो रडला तेव्हा मी त्याला घेऊन जमिनीवरच बसले. तसाच गाडीत घालून दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी एक रात्र ठेवून घेतला. आता अगदी चांगला आहे, पाय झाडतो, हसतो. मी मात्र अजून जेवताना मधेच उठून त्याला बघून येते.

अकरा माणसं होतो. बावीस कान. सगळे चांगले. रडणं ऐकलं असतं हो आम्ही. पण त्या दिवशी ऐकण्यासारखं काही नव्हतंच.

पाळणा होतोय तो स्वराजसाठी. इथल्या सुताराला तुमचा ठोकळा दिलाय. पहिल्या खेपेला त्याने गज लांब-लांब बसवले, मी काढायला लावले. तो कुरकुरला. मी म्हटलं, आमच्या व्याह्यांनी चव्वेचाळीस काढून पुन्हा बसवले, तुला चाळीसांचं काय झालं? झोळीची तुळईतली कडी ह्यांनी उपटून काढली. आईचं लुगडं मी पेटीत ठेवलं. ते टाकवत नाही.

माधवीला येत्या रविवारी सार्थक तुमच्याकडे आणून सोडेल. त्या दुपारी ती सार्थकबरोबर तपासणीला गेली होती, स्वराजला तापामुळे दवाखान्यात ठेवलं एवढंच तिला ठाऊक आहे. खरं काय ते सांगितलेलं नाही, पोटुशी आहे, बाळंत झाल्यावर मीच सांगेन. शालनबाईंची सही पाळा. मी तुम्हाला बहिरे म्हणून नाकारलं, याबद्दल हात जोडते. तोंडाने म्हटलं तर तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून लिहून देते.

पण पाळणा हलत नाही, हे माझं म्हणणं कायम आहे.

लीलाबाई


खंडाळा
४ ऑक्टोबर २०२४

विहीणबाई,

उद्या सव्वा महिना पुरा होतो, म्हणून ही हजेरी.

नात चार किलोच्या वर गेली. तांदळाची पिशवी केव्हाच मागे पडली. दर वेळी पाठीवर निजते. जागी असली की झुंबरबाई समोर बसून तिला थोडा वेळ पालथी घालतात, ती मान उचलायला बघते आणि चिडते. माधवीची झोप बऱ्यापैकी होते, कारण दिवसा ती झोपली की पहारा माझा. दर दहा मिनिटांनी जातो. तोंड, छाती, चादर. जाताना एक बाजू, येताना दुसरी. पाहुण्यांसाठी दारावर मोठ्या अक्षरात पाटी लावली आहे, ‘पाळण्यात काहीही ठेवू नये.’ तरी तुमच्या मोठ्या जाऊबाईंनी बारशाच्या दिवशी अस्वलाची बाहुली आत ठेवलीच. मी काढली. त्यांनी पुन्हा ठेवली. मी पुन्हा काढली. त्या माझ्याकडे बघून बरंच काही बोलल्या. बहिरेपणाचा एवढा फायदा मला आजवर झाला नव्हता.

ढगाळ हवेत लंगोट वाळत नव्हते तेव्हा झुंबरबाई दोनदा शेगडी घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत.

आता एक विचारायचं आहे. बारशाला तुम्ही आलात, पण दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे गौरी यायच्या म्हणून घाईने परत गेलात, आणि चार माणसांत मला विचारवलं नाही.

ती रडते तेव्हा मला दिसतं. आधी कपाळ लाल होतं, मग मुठी, मग खालचा ओठ थरथरतो. ओठ थरथरला की मी पोचलेला असतो. आवाज मात्र माझ्याकडे नाही. माधवीला विचारलं तर तिने वहीत लिहिलं, ‘मोठा आहे.’ मोठा म्हणजे काय? इंजिनचाही मोठा असतो. तुम्ही त्या दिवशी तिला मांडीवर घेतलं होतं, ती रडली होती, तुमचा चेहरा मी पाहिला होता. तुम्हाला काहीतरी वाटलं होतं.

तिचा आवाज कसा आहे, ते लिहाल का?

अंबाजी


घोरावाडी
९ ऑक्टोबर २०२४

व्याहीबुवा,

तुम्ही माणसाच्या तोंडाकडे एवढं बघता, हे मला ठाऊक असतं तर त्या दिवशी पदर घेतला असता.

हे तुम्हाला सांगावं की नाही, असा महिनाभर विचार केला. मग वाटलं, तुम्ही फडक्याची चूक लपवली नाहीत, मी हे का लपवू? काल नातीसाठी दूधभात करायला अजून किती महिने आहेत ते मोजत बसले होते, तेवढ्यात तुमचं पाकीट आलं.

तिचा आवाज बारीक नाही, घोगरा आहे. सुरुवातीला अडखळते, दोनदा श्वास घेते, जणू आधी बघते कुणी आहे का. मग सुरू होते. आणि शेवटाला आवाज खाली येत नाही, वर चढतो. बाकीची पोरं रडून रडून दमतात आणि आवाज उतरतो. हिचा चढतो आणि तिथेच तुटतो.

लग्नाच्या दिवशी वरात निघाली तेव्हा माधवी गाडीत बसली होती आणि तिच्या बांगड्यांचा डबा मागे राहिला होता. शालनबाई मांडवाच्या दारातून ओरडल्या, "माधेऽऽ!" अख्खी वरात थांबली. माझे हे म्हणाले, बाईंचा आवाज हाय का गाडीचा भोंगा! तो आवाज मी विसरलेले नाही. असाच घोगरा होता, असाच शेवटाला वर चढायचा आणि तिथेच तुटायचा.

बारशाला बाळ माझ्या मांडीवर रडलं तेव्हा मी मागे वळून दाराकडे पाहिलं होतं, व्याहीबुवा. मला वाटलं, शालनबाईच आल्या.

तुम्ही तो आवाज आठवत होता ना, नीट उमटत नाही म्हणून? आता त्याची काळजी सोडा. दर तीन तासांनी तो तुमच्याच घरात वाजतो आहे. खालचा ओठ थरथरला की समजा, शालनबाईंनी हाक मारली.

लीलाबाई